पाणी 'स्वच्छ दिसतंय' म्हणून गप्प बसताय? या चुका टाळा

पहिली आणि सगळ्यात कॉमन चूक, ग्लास उजेडात धरायचा आणि आरपार दिसलं की म्हणायचं "झकास आहे की!" अहो, डोळ्यांना गाळ दिसतो, जंतू नाही दिसत. १८५४ साली लंडनमध्ये कॉलराची साथ आली तेव्हा एक बाई साथीच्या भागापासून लांब राहायला गेलेली, पण तिथल्याच पंपाचं पाणी चवीला आवडायचं म्हणून मुद्दाम बाटली भरून मागवायची, ती त्याच पाण्याने गेली. आर्सेनिक या विषाचं तर अजून वाईट, त्याला ना रंग ना वास ना चव.

मग लोक टीडीएस मीटर काढतात. तो मीटर फक्त विरघळलेले क्षार किती याचा अंदाज देतो, बास. चिमूटभर मीठ टाका, आकडा टणकन वर जाईल, पण मैलापाण्यातले जंतू मिसळले तरी तो ढिम्म, आणि शिसं धोकादायक व्हायला लिटरमागे मिलिग्रॅमचा शंभरावा भाग पुरतो, तेवढ्याने मीटर हलतसुद्धा नाही. शंका असेल तर लॅबमध्ये जंतू, नायट्रेट (खतातून, सांडपाण्यातून येणारा क्षार), जड धातू (शिसं, पारा वगैरे) अशी नावं घेऊन टेस्ट सांगा, नुसतं "पाणी तपासा" म्हणू नका.

"उकळलं की झालं" हे पण अर्धंच खरं. जंतू मरतात, पण नायट्रेट, आर्सेनिक तिथेच राहतात, उलट वाफ उडून गेल्यावर थोडे जास्तच दाट होतात. २०१४ मध्ये अमेरिकेत टोलेडो शहराच्या पाण्यात शेवाळाचं विष आलं तेव्हा लोकांना चक्क सांगावं लागलं की उकळू नका.

हे शेवाळ येतं कुठून? इथे आणखी एक गफलत, सगळं खापर कारखान्यांवर. शेतातलं जास्तीचं खत पावसाने वाहून मिसिसिपी नदीतून मेक्सिकोच्या आखातात जातं, शेवाळ माजतं, मरतं, कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं आणि दर उन्हाळ्यात तिथे मासे जगूच शकत नाहीत असा पट्टा तयार होतो, २०१७ मध्ये तो २२ हजार चौरस किलोमीटरच्या वर गेला होता.

अर्थात कारखाने काही साधू नाहीत. "समुद्र केवढा मोठा, थोडंसं सोडलं तर काय होतंय" या हिशेबाने जपानच्या मिनामाता खाडीत पारा सोडला, तो पातळ होऊन गेला नाही तर छोट्या माशातून मोठ्या माशात साठत गेला. आधी मासे खाणारी मांजरं झटके येऊन मरायला लागली, मग माणसं. १९५६ मध्ये आजाराची नोंद झाली आणि पारा सोडणं बंद व्हायला १९६८ उजाडलं!

आणि हो, तळं हिरवं झालं की लगेच शेवाळ मारायचं औषध ओतू नका. पेशी फुटून असलं नसलं विष एकदम पाण्यात येतं. आधी जनावरं, पोरं लांब ठेवा, मग खत किंवा सांडपाणी कुठून येतंय तो ओघळ शोधा.