ऑपरेशननंतरची मळमळ टाळायची, तर आधीच बोला

आईच्या पहिल्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला दुखण्यापेक्षा उलट्यांनी जास्त छळलं. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात तिला हमखास गाडी लागते. ते भूलतज्ज्ञांना सांगायला हवं, हे मात्र आम्हाला कुणालाच सुचलं नाही. दुसऱ्या गुडघ्याच्या वेळी आधी तेच सांगितलं.

तुम्हीही सुरुवात तिथूनच करा. बाई असणं, धूम्रपान न करणं, गाडी लागणं किंवा पूर्वी ऑपरेशननंतर उलट्या झालेल्या असणं, आणि नंतर मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमाडॉलसारखी ओपिऑइड औषधं (दुखणं थांबवणारी जोरकस औषधं) लागणं, असे चार धोके डॉक्टर मोजतात. एकही नसेल तर उलटी-मळमळीची शक्यता साधारण १० टक्के, चारही असतील तर ८० टक्क्यांच्या आसपास.

मग विचारा, ‘ओपिऑइड कमी लागेल असं काही करता येईल का?’ नस बधिर करणारा ब्लॉक आणि ठरलेल्या वेळी पॅरासिटामॉल, एवढ्यानंही बराच फरक पडतो. धोका जास्त असेल तर भूल देताना डेक्सामेथासोन आणि ऑपरेशन संपताना ऑन्डान्सेट्रॉन ही उलटी रोखणारी औषधं देतात. डेक्सामेथासोननं साखर चढते, म्हणून मधुमेह असेल तर तो आवर्जून सांगा.

ओपिऑइड मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला चेतवतात, पोट रिकामं व्हायला वेळ लावतात आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा हळवी करतात. पडून बरं वाटणाऱ्याला उठताच ढवळतं ते यामुळे. म्हणून उठताना घाई नको. आधी पलंगाची डोक्याकडची बाजू वर करा, थोडा वेळ बसू द्या, मग पाय खाली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आधी घोट घोट पाणी, नंतर पेज किंवा मऊ भात. घरी नेताना खड्ड्यांतून रिक्षा नको. गाडीत पुढच्या सीटवर बसवा.

मळमळते म्हणून दुखण्याचं औषध परस्पर बंद करू नका, दुखण्यानंही मळमळतं. उलटीची वाट न पाहता पहिल्या ढवळण्यालाच नर्सला सांगा. ग्लानीत उलटी आली तर पेशंटला लगेच कुशीवर वळवा.

पेशंट हाक मारून जागा होत नसेल किंवा श्वास फार संथ वाटला तर क्षणभरही न थांबता तातडीची मदत बोलवा. पाणीही पोटात टिकत नसेल किंवा पोट फुगत चाललं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.