खुडूक कोंबडी उठवायची कशी?

कोंबडी दिवसभर खुराड्यातच बसून आहे, हात घातला की पिसं फुलवून चोच मारते, छातीखालची पिसं उपटलेली दिसतात, म्हणजे ती खुडूक झाली, तिला अंडी उबवायची ओढ लागली. अंडी काढून घेतली तरी ती रिकाम्या जागेवर बसून राहते, आणि तोवर नवं अंडं देत नाही.

पिल्लं हवी असतील तर बसू द्या. 10-12 अंडी, 21 दिवस. पण नागपुरात एप्रिल-मेमध्ये नको. पारा 45 ला टेकला की पत्र्याखालच्या खुराड्यात अंड्यातला जीव उष्णतेनेच मरतो, आणि कोंबडीही पाण्यासाठी फारशी उठत नाही म्हणून खंगते.

उठवायची असेल तर तळाला जाळी असलेला पिंजरा घ्या. तो चार विटांवर, जमिनीपासून वीतभर उंच, सावलीत ठेवा. आत पेंढा, पोतं, काहीही नको. पोटाखालून वारा खेळला पाहिजे, कारण ऊब मिळत राहिली की खूळ उतरत नाही. दाणापाणी मात्र पूर्ण द्या. उपाशी ठेवणं हा निव्वळ छळ आहे. बहुतेक कोंबड्या 3-4 दिवसांत ताळ्यावर येतात. मग सोडून बघा: थेट खुराड्याकडे पळाली तर आणखी दोन दिवस आत.

पहिल्याच दिवशी पकडली तर काम लवकर होतं. आठवडाभर बसलेली फार हट्टी असते. पाण्यात बुचकळण्याचा जुना उपाय थंडीत तरी करू नका, आणि रोज संध्याकाळी अंडी उचलायला विसरू नका.