१२०चे ८० जीबी केले, हिशेब शाबूत
रावेरला आमच्या केळीच्या हिशेबाचा लॅपटॉप. त्याच्या १२० जीबीच्या ईएक्सटी४ पार्टिशनमधून (पार्टिशन म्हणजे डिस्कचा आखलेला भाग; ईएक्सटी४ ही त्यात फायली मांडून ठेवणारी लिनक्सची फाइलसिस्टिम) ४० जीबी मोकळे करायचे होते. आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला आणि चार फायली तिथून उघडून पाहिल्या. लाइटचा भरवसा नाही, म्हणून बॅटरीही पूर्ण भरली.

पेनड्राइव्हवरून बूट केलं. कारण माउंट असलेली, म्हणजे चालू सिस्टिमला जोडलेली ईएक्सटी४ वाढवता येते, लहान करता येत नाही. मग 'ई२एफएससीके -एफ' या कमांडने फाइलसिस्टिमची तपासणी केली.

खरी मेख क्रमात आहे. आधी फाइलसिस्टिम, मगच पार्टिशन. उलट केलं तर फाइलसिस्टिमचं शेपूट पार्टिशनबाहेर जातं. 'रीसाइझ२एफएस' या आकार बदलणाऱ्या कमांडने फाइलसिस्टिम मुद्दाम ७५ जीबीवर आणली, पार्टिशनची सुरुवात न हलवता ते ८०वर कापलं, आणि आकार न देता तीच कमांड पुन्हा चालवली. उरलेली जागा भरून निघाली. बिलं सगळी जागेवर आहेत.