चावीचा ग्रामोफोन आणि केळीच्या पानावरचं जेवण: ग्रुपचा बेत असा जमवा

कुणाकडे तरी आजोबांचा चावीचा ग्रामोफोन असतो, कपाटावर धूळ खात पडलेला, आणि खाली पेटीत पन्नासेक जुन्या तबकड्या. तो सगळ्यांनी मिळून ऐकायचा, सोबत दुपारचं जेवण करायचं, असा बेत आम्ही बऱ्याचदा केलाय, त्यातून जे कळलं ते लिहितोय.

पहिली गोष्ट माणसं. पंधराच्या वर नेऊ नका. यात वीज नाही, अ‍ॅम्प्लिफायर नाही, आवाज मोठा करायचं बटण नाही, पिन खाचेतून फिरते, साऊंडबॉक्समधला पातळ पडदा थरथरतो आणि भोंग्यातून जेवढं बाहेर येईल तेवढंच. आवाज बदलायचा तर पिन बदलायची, जाड पिनीला मोठा, बारीकला मऊ. म्हणून जागा पण बंद खोली हवी, जुन्या वाड्याची माडी किंवा फार्महाऊसचा हॉल, लॉनवर मांडलात तर गाणं दहा फुटांवर वाऱ्यात विरून जातं. आणि हो, रेकॉर्ड लागली की पंखा बंद. घाम येतो पण तीन मिनिटांचाच प्रश्न असतो, दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तेवढीच चालते.

मशीन नसेल आणि विकत घ्यायचा विचार असेल तर चकचकीत पितळी भोंगा बघून भुलू नका. जुने सुटे भाग जोडून शोभेसाठी बनवलेले बरेच फिरतात, त्यांचा टोनआर्म, म्हणजे साऊंडबॉक्स धरणारी नळी, धड नसतो आणि तबकड्या खरवडून निघतात. त्यापेक्षा साधा सूटकेससारखा पोर्टेबल बरा, एचएमव्हीचं १०२ नंबरचं मॉडेल १९३१ मध्ये आलं, नीट सर्व्हिस केलेलं असेल तर अजूनही मस्त वाजतं आणि उचलून न्यायला पण सोपं.

नेताना तबकड्या उभ्या ठेवा, पेटीत घट्ट, मधे वर्तमानपत्र. आडव्या रचल्या तर खड्ड्यात खालची तडकलीच समजा. आणि गाडीत उन्हात अजिबात सोडू नका!! मे महिन्यात आम्ही नाश्त्याला थांबलो, पेटी मागच्या सीटवर, अर्ध्या तासाने आलो तर आजीची हिराबाई बडोदेकरांची तबकडी पापडासारखी वाकलेली, ती परत कधीच वाजली नाही, मला अजून वाईट वाटतं. लाखेचा माल आहे हा. त्याच कारणाने स्पिरिटने पुसायची पण नाही, लाख विरघळते, मऊ कोरडा ब्रश पुरे.

पिना भरपूर घ्या. स्टीलची पिन एका बाजूला एकच, मग टाकून द्यायची. बोथट पिन पुढची खाच कापत जाते. वीस बाजू ऐकणार असाल तर पन्नास पिना आणि वापरलेल्या टाकायला वेगळी डबी. चावी प्रत्येक बाजूआधी द्या, हाताला जड लागली की थांबा, जोर लावलात तर स्प्रिंग तुटते. मशीन सपाट टेबलावर हवं, पाण्याचा पेला ठेवून बघा, पाणी एका बाजूला कललं तर पायाखाली पुठ्ठा सारा. आणि कुणी हौसेने एलपी, म्हणजे नंतरच्या काळातली विनाइलची तबकडी, आणली तर प्रेमाने बाजूला ठेवा, जड साऊंडबॉक्स तिची एका फेरीत वाट लावेल.

आता जेवण. इथे आम्ही शिकलो ते म्हणजे स्टीलची ताटं-वाट्या नकोत. एक चमचा वाटीवर आपटला की त्या आवाजापुढे बालगंधर्वांची बारीक हरकत गेलीच. केळीचं पान घ्या, हाताने जेवा. मेनू पण मऊ: मसालेभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा, जिलबी. पापड आणि कुरडया दोन बाजूंच्या मधे वाढा, रेकॉर्ड चालू असताना कुणी पापड मोडला की सगळे वळून बघतात. आणि तबकड्या हाताळायला एकच माणूस, त्याला आधी जेवायला घाला, तेलकट बोट खाचेत गेलं की धूळ तिथेच चिकटते.

क्रम असा लावा. सुरुवात १९२५ च्या आधीच्या तबकड्यांनी, तेव्हा मायक्रोफोन नव्हता, गायक रेकॉर्डिंगच्या भोंग्याच्या तोंडाशी उभं राहून मोठ्याने गायचे. गायिका गौहर जानची मिळाली तर सोन्याहून पिवळं, १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात तिचं रेकॉर्डिंग झालं. शेवटी ती इंग्रजीत आपलं नाव सांगते, तिथे लोक हसतात, म्हणून आधीच सांगून ठेवा की तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून यायच्या आणि तिकडच्या लोकांना ही कुणाची हे कळावं म्हणून ते नाव असायचं. लगेच तिच्यानंतर तीसच्या दशकातली एखादी लावा, मायक्रोफोनवाली. आवाज एकदम जवळ येतो, तंबोरा ऐकू यायला लागतो, आमच्याकडे एका काकांच्या हातातला घास तसाच राहिला होता.

जेवताना सलग वाजवू नका. पानं वाढून झाली की एक, मसालेभाताच्या दुसऱ्या वाढपाआधी एक, जिलबीला एक. मधल्या वेळात गप्पा मारा, बाजू चालू असताना गप्प बसा. ही तीन मिनिटं शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी एका दमात, कुठेही न थांबता गायलेली आहेत, त्यांना मागे वाजणारं म्युझिक करू नका.

हात धुऊन झाल्यावर उरलेल्या सात-आठ बाजू सतरंजीवर बसून ऐका, शेवट अब्दुल करीम खाँसाहेबांच्या भैरवीने. मग लगेच झाकण लावू नका, स्प्रिंगमधला ताण राहू द्यायचा नसतो, पिन उचलून तबकडीशिवाय फिरकी, म्हणजे तबकडी ठेवायची गोल थाळी, आपोआप थांबेपर्यंत फिरू द्या. तोवर एकाने पिनांची डबी मोजून घ्यावी आणि सतरंजी झटकावी, लहान मुलं अनवाणी फिरत असतात.