जुन्या स्पीकरांची मोट बांधून होम थिएटर कसं सुधारावं

स्फोटाचा प्रसंग आला की घर हादरतं आणि पात्रं बोलायला लागली की काही कळत नाही, म्हणून रिमोट हातातून सुटत नाही. घरोघरच्या होम थिएटरची ही तक्रार बहुतेकदा स्पीकरांपाशी येऊन थांबते. संचासोबत आलेले मुठीएवढे स्पीकर काढून जुने पण चांगले, लाकडी पेटीतले स्पीकर लावले, तर कमी पैशांत मोठा फरक पडतो. निरनिराळ्या कंपन्यांचे एकत्र चालतील का? चालतात, पण सगळ्या जागी नाही. पुढचे तिघे (डावा, मधला, उजवा) एकाच घराण्याचे हवेत, मागचे दोन कुठलेही चालतील, आणि सबवूफरला, म्हणजे जाड, खालचा आवाज (बास) काढणाऱ्या पेटीला, तर घराणं विचारायचंच नाही. पैसे कुठे ओतायचे आणि कुठे हात आखडायचा, हे एवढ्यावर ठरतं.

आधी रिसीव्हरची पाठ वाचा

रिसीव्हर म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरांना ताकद देणारा डबा. त्याच्या मागे, जिथे तारा जोडतात तिथे, स्पीकर किमान किती ओहमचे (विजेला किती रोध करणारे) हवेत ते छापलेलं असतं. बऱ्याच रिसीव्हरांवर हा आकडा ६ किंवा ८ असतो. त्याला ४ ओहमचे स्पीकर जोडून आवाज चढवला, तर तो तापतो आणि सिनेमा रंगात आला की बंद पडतो. एकाच जागी दोन स्पीकर समांतर जोडण्याचा मोहही टाळा. ८ ओहमचे दोन मिळून रिसीव्हरला ४ ओहमच दिसतात.

डब्यात येणाऱ्या तयार संचांचे सुटे स्पीकर बाजारात फार स्वस्त मिळतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यातले कित्येक ३ ओहमचे असतात आणि त्यांच्या पिनाही वेगळ्या असतात. त्यांच्यासोबतचा सबवूफरही बहुधा स्वतःची वीज नसलेला असतो. रिसीव्हरच्या ‘सबवूफर आउट’मधून फक्त बारीक सिग्नल निघतो, ताकद नाही. म्हणून सबवूफर घ्यायचा तो भिंतीत प्लग लावायचा असलेलाच.

तुमच्याकडे मुळात असा तयार संचच असेल, तर पहिली खरेदी जुन्या रिसीव्हरची करा. त्यात एचडीएमआय नसलं तरी अडत नाही. टीव्हीची ऑप्टिकल केबल डॉल्बी डिजिटलचा ५.१ (पाच स्पीकर, एक सबवूफर) आवाज नीट पोहोचवते.

पाहायला जाताना काय न्यावं

जुने स्पीकर ऑनलाइन जाहिरातींत मिळतात, मुंबईच्या चोरबाजारातही मिळतात. तारा, पिना आणि दुरुस्तीचं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत. पेटीवर हजारो वॉट ‘पीएमपीओ’ लिहिलेलं दिसलं, तर तो फुगवलेला आकडा सोडून द्या आणि आरएमएस, म्हणजे सतत पेलणारे, वॉट विचारा. विकणाऱ्याला तेच माहीत नसेल, तर कानावर भरवसा ठेवा.

सोबत मल्टीमीटर (ओहम मोजायचा मीटर), दीड व्होल्टचा सेल, टॉर्च आणि पाठ झालेली दोन-तीन गाणी भरलेला फोन न्या. विकणाऱ्याकडे ॲम्प्लिफायर आहे ना, हे निघण्याआधीच विचारून ठेवा.

आधी जाळी काढायला सांगा. वूफरच्या, म्हणजे खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या गोलाच्या, कडेचा फोम बोटाने हलकेच दाबा. तो चिकट लागला किंवा भुगा होऊन बोटाला लागला, तर फोम मेला. दमट हवेत हा फोम आतून विघटित होतो, त्यामुळे किनारपट्टीवरच्या घरांतले स्पीकर जास्तच बारकाईने पाहावेत. रबरी कड असलेले खूप टिकतात. फोम बदलून मिळतो, म्हणून नुसत्या त्या कारणाने सौदा मोडू नका, किंमत पाडून मागा.

मग कोनच्या (वूफरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) दोन्ही बाजूंना बोटं ठेवून तो सारखा आत दाबा. खरखर जाणवली तर कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) घासतेय. तो स्पीकर सोडा. मल्टीमीटर मागच्या टर्मिनलना लावा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते साडेतीनच्या आसपास. काहीच दाखवलं नाही, तर कॉइल जळालेली असेल किंवा आत तार तुटलेली असेल.

इथे बरेच जण फसतात. ट्विटर म्हणजे बारीक, वरचे सूर काढणारा छोटा गोल. त्याच्या वाटेत मीटरची वीज अडवणारा कपॅसिटर असतो, त्यामुळे मागून मीटर लावला की फक्त वूफरची खबर मिळते. ट्विटर मेलेला असला तरी आकडा झकास येतो. म्हणून गाणं हळू लावा आणि ट्विटरजवळ कान न्या. झांजा, टाळ, ‘स’ आणि ‘श’चा सुस्कारा दोन्ही पेट्यांतून सारखा यायला हवा. एका बाजूला मंद वाटला, तर विकणाऱ्याने ‘रूमचा इफेक्ट आहे’ म्हटलं तरी पेट्यांच्या जागा अदलाबदल करून पुन्हा ऐका.

पुढचे तीन

सिनेमात गाडी डावीकडून उजवीकडे जाते, पात्र बोलत पडदा ओलांडतं. हा आवाज तीन पेट्यांमधून सरकतो. मधल्या पेटीचा पोत वेगळा असेल, तर माणूस मध्ये आला की सर्दी झाल्यासारखा बोलतो. रिसीव्हर आवाज कमी-जास्त करू शकतो, स्वरपट्टी थोडी सावरू शकतो. एका ट्विटरचा दुसरा ट्विटर करू शकत नाही.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे एकाच मॉडेलच्या बुकशेल्फ (फळीवर मावणाऱ्या लहान) स्पीकरांच्या दोन जोड्या घेणं. तीन पुढे लावा, चौथा सुट्या भागांसाठी ठेवा. मधला शक्यतो उभाच ठेवा. आडवा केला की सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्याला वेगळा आवाज ऐकू येतो. टीव्हीखाली ठेवावा लागलाच, तर पुढून थोडा उचलून तोंड कानांकडे करा.

दुसरी जोडी मिळाली नाही, तर त्याच मालिकेचा सेंटर (मधला स्पीकर) शोधा. तोही मिळाला नाही, तर माझं स्पष्ट मत आहे: सेंटर लावूच नका. रिसीव्हरच्या मेनूत सेंटर ‘नन’ करा, म्हणजे संवाद डाव्या-उजव्या पेट्यांत वाटले जातात आणि मध्ये बसणाऱ्याला ते पडद्यातूनच आल्यासारखे वाटतात. कडेला बसणाऱ्याचं थोडं नुकसान होतं, पण विजोड सेंटरपेक्षा ते परवडतं.

मागचे दोन आणि तारा

मागून पाऊस, गर्दी, प्रतिध्वनी असंच बहुतेक येतं. जोडी आपसांत सारखी असली की पुरे. ते कानांच्या थोडं मागे, बाजूला ठेवा. समोरच्या दिशेपासून सुमारे ११० अंशांवर. सोफा भिंतीला टेकलेला असेल, तर बाजूच्या भिंतींवर कानाहून थोडे उंच लावा.

तारेसाठी खास महागडी केबल नको. १० मीटरपर्यंत तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची वायर पुरते. जाऊन-येऊन तिचा रोध पाव ओहमच्या आसपास भरतो, ८ ओहमपुढे तो किरकोळ. लाल-काळं मात्र सगळीकडे सारखं जोडा. जुन्या पेटीवरची खूण पुसली असेल, तर मागच्या टर्मिनलना सेल क्षणभर टेकवा. वूफर बाहेर उसळला, तर सेलचा प्लस जिथे लागला तेच लाल. एखादी पेटी उलटी जोडली गेली, की बास नाहीसा होतो आणि आवाज कुठून येतोय ते कळेनासं होतं.

शेवटी मेनूत शिरा

बुकशेल्फ सगळे ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवा. पेट्या अगदीच लहान असतील तर १०० किंवा १२०. सबवूफरच्या स्वतःच्या क्रॉसओव्हरचं बटण शेवटपर्यंत वर फिरवा, नाहीतर दोन गाळण्या एकावर एक बसतात.

आता मिसळीचा खरा हिशेब. एका पेटीची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच ताकदीवर किती मोठा आवाज निघतो ते) ९० डेसिबल आणि दुसरीची ८७ असेल, तर तेवढाच आवाज काढायला दुसरीला दुप्पट वॉट लागतात. रिसीव्हरसोबत माइक आला असेल, तर तो बसायच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवून आपोआप मोजणी करून घ्या. जुन्या रिसीव्हरसोबत माइक क्वचितच मिळतो. तेव्हा टेस्ट टोन लावून फोनवरच्या आवाजमापक ॲपने प्रत्येक पेटी समान करा. ॲपचा आकडा अचूक नसला तरी तुलनेला चालतो. अंतर टेपने मोजून भरा. फरशीवर सतरंजी टाका, खिडक्यांना पडदे सोडा, मगच मोजा.

सबवूफरची जागा शोधायची तर तो सोफ्यावर तुमच्या जागी ठेवा, बास असलेलं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत ऐका. जिथे बास गुणगुणत न राहता सारखा लागतो, तिथे तो ठेवा. रांगताना घरच्यांनी पाहिलं तर हसतील, हसू दे. फ्लॅटमध्ये त्याच्याखाली जाड रबर घाला आणि रात्री रिसीव्हरमधला ‘नाइट’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ पर्याय चालू करा. स्फोट खाली येतात, संवाद ऐकू येतात.