उपाशी कोकाटील पिल्लू: आधी ऊब, मग पाणी, मग घास

मागच्या जानेवारीत माझ्या धाकट्याने पक्ष्यांच्या दुकानातून कोकाटीलचं, म्हणजे तुरेवाल्या छोट्या पोपटाचं, पिल्लू आणलं. पिवळट पांढरं, गालावर केशरी टिकली. नाव पडलं हळकुंड. वय सहा आठवडे असेल. "आपलं आपण खातं," असं दुकानात सांगितलं होतं, आणि खरंच ते दिवसभर वाटीपाशी बसून दाणे फोडत असायचं. तिसऱ्या दिवशी हातात घेतलं तेव्हा छातीचं मधलं हाड बोटाला सुरीच्या पाठीसारखं लागलं. काट्यावर ठेवलं तर ६१ ग्रॅम. मोठं कोकाटील ८० ते १०० ग्रॅमचं असतं आणि या वयाचं पिल्लू त्याच्या जवळ पोचलेलं असायला हवं. वाटी उपडी करून पाहिली. फोलपटांत सोललेले दाणेही तसेच पडलेले. ते दाणा चोचीत घोळवत होतं, गिळत नव्हतं.

म्हणून पहिलं सांगणं हेच: वाटीकडे बघून पिल्लू खातंय असं समजू नका. एका ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल काटा घ्या. रोज सकाळी, पहिल्या घासाच्या आधी वजन करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं पाहिजे. शीटही बघा. उपाशी पक्ष्याची शीट थोडीशी आणि गडद हिरवी पडते.

शेजारच्या काकू धावत आल्या. "अगं, दूधपोळी कुस्करून दे त्याला." त्यांचा जीव तुटत होता, पण पक्ष्याला दूध पचत नाही. आणि गार पडलेल्या पिल्लाला तर काहीच पचत नाही. घास गळ्याखालच्या पिशवीत तसाच राहून आंबतो. भुकेलं आहे म्हणून घाईने पोटभर भरवणं हीच सगळ्यात मोठी चूक.

आधी ऊब द्या. मी बुटांचं खोकं घेतलं, तळाला जुनी सुती ओढणी अंथरली, बाजूला भोकं पाडली आणि एका टोकाला गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवली. आत तीस डिग्रीच्या आसपास राहिलं म्हणजे झालं. दुसरं टोक मुद्दाम गार ठेवायचं, म्हणजे उकडलं तर पिल्लू तिकडे सरकतं. पिसं फुलवून गोळा होऊन बसलं तर त्याला थंडी वाजतेय. पंख अंगापासून लांब धरून चोच उघडी टाकून धापा टाकत असेल तर फार गरम होतंय. रात्री पाणी बदलायला मी दर दोन तासांनी उठत होते. मिरजेत जानेवारीच्या पहाटे चांगलाच गारठा असतो.

पाय कोमट लागले की पाणी. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात विरघळवून, कोमट करून, चोचीच्या कडेला एक एक थेंब. थेंब त्याने स्वतः ओढून घेतला पाहिजे. चोच उघडून आत पाणी ओतलं तर ते श्वासनळीत जातं.

मग घास. पिल्लांना भरवायची तयार पावडर पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे किंवा चांगल्या दुकानात मिळते. पहिल्या दिवशी ताकासारखी पातळ कालवा, दोन दिवसांनी खिरीइतकी दाट. वाटी गरम पाण्यात ठेवून घास ३९ ते ४० डिग्रीवर आणा, आणि थर्मामीटरनेच मोजा. बोटाचा अंदाज चुकतो. जास्त गरम घासाने पिशवी आतून भाजते, गार असला तर पिल्लू घेत नाही. मायक्रोवेव्ह नको, त्यात मध्येच कढत गाठी राहतात.

बिनसुईची ५ मिलीची सिरिंज पिल्लाच्या डाव्या बाजूने चोचीत, टोक त्याच्या उजवीकडे. अन्ननळी त्या बाजूने उतरते. पिल्लू डोकं खालीवर झटकायला लागलं की त्याच्या तालात हळू सोडा; ते थांबलं की तुम्हीही थांबा. छाती मुठीत आवळू नका. पक्ष्याची छाती हलली तरच त्याला श्वास घेता येतो.

वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा घास ही वरची मर्यादा. हळकुंडाला म्हणजे सहा मिली, पण मी सुरुवात दोन मिलीने केली, दर तीन तासांनी, आणि चार दिवसांत सहावर गेले. दर वेळी गळ्याखाली हलकं बोट लावून बघा. मागचा घास खाली उतरायला आलेला असला तरच पुढचा द्या. रात्रीत पिशवी पूर्ण रिकामी झाली पाहिजे. सकाळी ती भरलेली, पिठाच्या गोळ्यासारखी लागली किंवा तोंडाला आंबूस वास आला, तर घरचे उपाय करू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पिल्लू ओकत असेल, शेपटी श्वासागणिक वरखाली होत असेल किंवा दोन दिवस नीट भरवूनही वजन उतरत असेल तरीही तेच. ताजी शीट प्लास्टिकच्या डबीत घेऊन जा. आमच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा तीच मागितली होती.

हळकुंडाचं वजन पहिले दोन दिवस हललंच नाही. मला रडू येत होतं. तिसऱ्या सकाळी काट्याने ६३ दाखवलं, आणि तिथून रोज एक-दोन ग्रॅम.

सत्तरी ओलांडल्यावर दाण्याची शिकवणी सुरू केली. राळ्याचं कणीस खालीच ठेवलं, सोबत मोड आलेले मूग, उकडलेल्या अंड्याचा चुरा, बारीक चिरलेली कोथिंबीर. मी बोटाने टकटक करून दाणे उचलायचे, ते बघून तेही चोच मारायचं. दुपारचा घास आधी बंद केला, मग सकाळचा. रात्रीचा सगळ्यात शेवटी, कारण भरल्या पोटाने झोपलं की मला झोप लागायची. घास तोडताना वजन दोन-चार ग्रॅम उतरतं, तेवढं चालतं. त्याहून जास्त उतरलं तर एक घास परत सुरू करा.

दहाव्या आठवड्यात सलग तीन रात्री त्याने सिरिंजकडून तोंड फिरवलं. चौथ्या रात्री मी ती धुऊन ठेवून दिली. सकाळी वजन ८४.