बाउल गेमची लाइन वाचायची कशी, तेही नागपुरात सकाळी सहाला

आधीच सांगून ठेवतो, हे फुटबॉल म्हणजे मेस्सीवालं नाही. हे अमेरिकन कॉलेज फुटबॉल, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळणाऱ्यांचं. माझा भाचा तिकडे एमएस करायला गेला तेव्हापासून हे वेड घरात शिरलं, अन् आता धरमपेठेतले आम्ही चार-पाच जण डिसेंबर लागला की मोबाइलवर बाउल गेमचे प्रीव्ह्यू वाचत बसतो. दरवर्षी कोणीतरी नवीन येते अन् तोच प्रश्न विचारते, भाऊ हे उणे साडेआठ काय आहे, टीमला मायनस मार्किंग कशाची? सांगता सांगता माझा चहा थंड होते दरवेळी, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पैशाचं पहिले बोलून घेऊ म्हणजे डोक्याला ताप नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं जुनी बंदी उडवली अन् मग एकेका राज्यानं स्पोर्ट्स बेटिंग कायदेशीर केलं, म्हणून तिथल्या प्रीव्ह्यूत हे सट्ट्याचे आकडे, म्हणजेच लाइन, उघड छापले जातात. आपल्याकडे तसं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं जो ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम, त्यांच्या जाहिराती, त्यांचे बँकेचे व्यवहार सगळ्यावर बंदी आली, अन् महाराष्ट्रात तर जुगाराचा कायदा १८८७ पासूनच आहे. त्यामुळे आम्ही फक्त कागदावर खेळतो, ज्याचे अंदाज जास्त चुकले तो सगळ्यांना तर्री पोहे खिलवतो. आकडे वाचता आले की मॅच पाहायला डबल मजा येते, तेवढंच.

बाउल म्हणजे काय ते दोन मिनिटात. रेग्युलर सीझन साधारण बारा मॅचचा, त्यात सहा जिंकल्या की टीम बाउलसाठी पात्र. बाउल म्हणजे सीझन संपल्यावरची एक सुटी मॅच, सहसा तिसऱ्याच शहरात. सगळ्यात जुना रोझ बाउल, पहिला १९०२ मध्ये पॅसाडीनात झाला होता. आजकाल नावं भलतीच, एका बाउलमध्ये जिंकलेल्या कोचच्या डोक्यावर मेयोनीज ओततात, खरंच बादलीभर. अन् याच्या वरचा मजला म्हणजे प्लेऑफ, चॅम्पियन ठरवायची बाद फेरी, २०१४ च्या सीझनपासून चार टीमचा होता, २०२४ पासून बारा टीमचा झाला. हा फरक लक्षात ठेवा कारण साधा बाउल अन् प्लेऑफ यांची लाइन वाचायची पद्धत एकदम वेगळी आहे, ते पुढे येते.

आता आकडे. कोणत्याही प्रीव्ह्यूत तीन असतात. समजा एका टीमसमोर लिहिलंय उणे ६.५, मग उणे २५०, अन् खाली टोटल ४८.५.

मधला आधी घेऊ, त्याला मनीलाइन म्हणतात, नुसतं कोण जिंकणार. उणे २५० म्हणजे १०० कमवायला २५० अडकवावे लागतात. नागपुरात हे समजवायला मला कधीच त्रास झाला नाही, कारण आयपीएलच्या दिवसात पानठेल्यावर उभं राहिलं तरी भाव कानावर पडतोच. उणे २५० म्हणजे आपल्या भाषेत चाळीस पैसे. शंभरवर चाळीस. झालं. समोरच्या टीमला अधिक २०५ असेल तर शंभरवर दोनशे पाच, म्हणजे दोन रुपये पाच पैशाचा भाव. अधिकवाला अंडरडॉग, उणेवाला फेव्हरेट, एवढं पक्कं करा.

टोटल पण सोपं आहे, ते म्हणजे सेशन. सहा ओव्हरमध्ये पन्नास होतील का, येस का नॉट, तसंच इथे दोन्ही टीमचे मिळून ४८.५ च्या वर का खाली. अर्धा काहून लावला? कारण अर्धा पॉइंट कोणाला मिळतच नाही, त्यामुळे बरोबरीत सुटायचा प्रश्नच उरत नाही.

लोक अडकतात ते उणे ६.५ मध्ये, म्हणजे स्प्रेडमध्ये. क्रिकेटच्या भावात हे नसतं म्हणून डोक्यात घुसत नाही. पण लहानपणी आपण सगळ्यांनीच केलंय हे. कॉलनीतली मोठी पोरं बारक्यांसोबत खेळताना म्हणायची ना, चला तुम्हाला पंधरा रन आधीच दिले. ते पंधरा रन म्हणजे स्प्रेड. फेव्हरेटला नुसतं जिंकून चालत नाही, साडेसहाच्या वर फरकानं जिंकावं लागते, अन् अंडरडॉग सहानं हरला तरी कागदावर जिंकला.

ही गोष्ट मला खरी कळली २१ जानेवारी २०२५ ला. अटलांटात प्लेऑफची फायनल, ओहायो स्टेट विरुद्ध नोटर डेम, तिकडे सोमवारची रात्र, आपल्याकडे मंगळवारची सकाळ सहा वाजता. ओहायो स्टेट साधारण आठ-साडेआठनं फेव्हरेट, एका ठिकाणी आठ तर दुसरीकडे साडेआठ. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ३१-७ झालं अन् आमच्यातले दोघं उठून आंघोळीला गेले, ऑफिस होतं ना. मग नोटर डेमनं टचडाउन मारला, म्हणजे बॉल समोरच्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेला, त्याचे सहा, अन् वरून दोन पॉइंटवाला प्रयत्न पण यशस्वी, ३१-१५. परत एक टचडाउन, परत दोन, ३१-२३. चार मिनिटं अन् काही सेकंद शिल्लक. आता फरक मोजा, बरोबर आठ. ज्याच्या कागदावर उणे ८ लिहिलंय त्याची बरोबरी, तिकडे त्याला पुश म्हणतात, पैसे परत. ज्याच्या कागदावर उणे ८.५, तो गेला. त्या अर्ध्या पॉइंटला हुक म्हणतात, गळ. अन् तो गळ्यात अडकलेला आम्ही सकाळी नऊच्या सुमारास लाइव्ह पाहून राहिलो होतो.

मग थर्ड डाउनला, म्हणजे चारपैकी तिसऱ्या प्रयत्नाला, अकरा यार्ड पाहिजे असताना ओहायोच्या विल हॉवर्डनं जेरेमाया स्मिथला तो लांब पास टाकला, ५६ यार्ड, अन् शेवटचे २६ सेकंद उरले तेव्हा जेडन फील्डिंगनं फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून किक, मारला. ३४-२३. फरक अकरा. मॅच तर तशीही ओहायोच्या खिशात होती, पण कागदावरचा अख्खा हिशोब त्या तीन पॉइंटनं फिरला. त्यावेळी अमेरिकेत किती लोकांनी रिमोट फेकला असेल देव जाणे. आंघोळीला गेलेल्यांपैकी एक जण आजही म्हणतो की काही झालंच नव्हतं.

म्हणून आकडा वाचताना तो कोणत्या बाजूला बसलाय ते पहा. फील्ड गोलचे तीन, टचडाउनचे सहा अन् त्यावरच्या किकचा एक मिळून सात, त्यामुळे मॅचेस तीन अन् सातच्या फरकानं जास्त संपतात. उणे २.५ अन् उणे ३.५ यात दिसायला एकच पॉइंट आहे पण मधे तीन बसलाय, त्यामुळे जमीन-अस्मानाचा फरक. उणे ११ अन् उणे १२ यात मात्र मी डोकं लावत नाही.

आता दलाली. स्प्रेडच्या बाजूला बारीक अक्षरात उणे ११० लिहिलेलं असते दोन्ही टीमला, म्हणजे १०० साठी ११०. शक्यता काढायची तर ११० भागिले २१०, आलं ५२.४ टक्के. दोन्ही बाजू मिळून १०४.८. शंभराच्या वरचे जे ४.८ आहेत तिथे बुकवाल्याचं घर चालते. मनीलाइनलाही हेच करा. उणे २५० म्हणजे २५० भागिले ३५०, ७१.४ टक्के. अधिक २०५ म्हणजे १०० भागिले ३०५, ३२.८ टक्के. बेरीज १०४.२. आता ७१.४ ला १०४.२ नं भागा, ६८.५ टक्के, ही फेव्हरेटची दलाली काढून उरलेली खरी किंमत. फोनच्या कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदाचं काम आहे पण प्रीव्ह्यू लिहिणारे अर्धे लोकही करत नाहीत असं मला वाटते, उणे २५० दिसलं की 'सोपी मॅच' लिहून मोकळे. साडेअडुसष्ट टक्के म्हणजे दहापैकी तीनदा ही टीम हरणार असंच मार्केट म्हणून राहिलं आहे.

इथपर्यंत कोणत्याही मॅचला चालते. बाउलचा खरा घोळ पुढे आहे, अन् तो मी स्वतः पोह्यांचे पैसे भरून शिकलो.

डिसेंबर २०२३, ऑरेंज बाउल, जॉर्जिया विरुद्ध फ्लोरिडा स्टेट. फ्लोरिडा स्टेट १३-०. तेरापैकी तेरा! तरी त्यांना चार टीमच्या प्लेऑफमध्ये घेतलं नव्हतं, त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरमध्ये पाय मोडून बाहेर गेला होता म्हणून. लाइन जॉर्जिया उणे चौदाच्या आसपास उघडली. मी म्हटलं, एकही मॅच न हरलेली टीम, अन्याय झालेला, पेटून उठतील, वरून चौदा पॉइंट फुकट, घ्या लिहून. पुढचे तीन आठवडे मी लाइन पाहिलीच नाही. ती सरकत सरकत विसाच्या आसपास गेली. काहून सरकली? कारण फ्लोरिडा स्टेटचे खेळाडू एकेक करून बाहेर पडत होते. कोणी एनएफएल ड्राफ्टसाठी, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीसाठी, पाय जपायला बाहेर बसला, कोणी ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव टाकून दुसऱ्या कॉलेजच्या वाटेवर. ट्रॅव्हिसच्या जागचा बॅकअप पण पोर्टलमध्ये गेला, मैदानात उतरला तो तिसऱ्या नंबरचा पोरगा. हाफटाइमला ४२-३. शेवट ६३-३. साठ पॉइंटचा फरक, बाउलच्या इतिहासातला सगळ्यात मोठा. अन् ही मॅच आपल्याकडे रात्री अडीचला सुरू झाली होती, मी ब्लँकेट पांघरून एकटा पाहत होतो, हाफटाइमला झोपलो.

चूक कुठे झाली तर मी नावाची टीम पाहिली, खेळणारी टीम पाहिलीच नाही. साध्या बाउलमध्ये १३-० हे नोव्हेंबरच्या पोरांचं रेकॉर्ड असते, डिसेंबरच्या अखेरीस उतरणारी पोरं वेगळी. म्हणून माझा क्रम आता असा आहे की प्रीव्ह्यू वाचायच्या आधी त्या कॉलेजच्या लोकल बातम्यात कोण बाहेर बसणार, कोण पोर्टलमध्ये, ते पाहायचं. सगळ्यात पहिले क्वार्टरबॅक. मग क्वार्टरबॅकला वाचवणारे ऑफेन्सिव्ह लाइनचे (ही लाइन म्हणजे खेळाडूंची रांग, आकडा नाही) जाडे गडी, यांच्याबद्दल कोणी लिहित नाही पण त्यातले दोन टॅकल गेले तर भल्याभल्या क्वार्टरबॅकला पळता भुई थोडी होते. पास झेलणारा स्टार रिसीव्हर बाहेर बसला की मथळा मोठा होते, लाइन तेवढी हलत नाही.

मग कोच. डिसेंबर हा तिकडे कोच पळवायचा महिना आहे, मोठ्या कॉलेजनं बोलावलं की हेड कोच गेला अन् बाउलला एखादा असिस्टंट टेम्पररी उभा. हेड कोचपेक्षाही ऑफेन्सचे, म्हणजे आक्रमणाचे, डाव कोण ठरवणार आहे ते शोधा, तो माणूस बदलला असेल तर सीझनभराची अॅव्हरेज घेऊन टोटल ठरवण्यात अर्थ नाही.

प्लेऑफमध्ये हे जवळजवळ उलटं. तिथे ट्रॉफी दिसत असते म्हणून धडधाकट खेळाडू बसत नाही, तिथे सीझनचे आकडे जास्त कामाचे. पण तिथेही सीडिंगवर, म्हणजे टीमला दिलेल्या क्रमांकावर, भुलू नका, २०२४ च्या सीझनमध्ये वरच्या ज्या चार टीमना पहिल्या राउंडला सुट्टी मिळाली होती त्या चारही पुढच्याच मॅचमध्ये हरल्या, अन् कप नेला आठव्या सीडवाल्या ओहायो स्टेटनं.

हवामान एका ओळीत: थंडीला घाबरू नका, वाऱ्याला घाबरा. वारा असला की पास अन् किक दोन्ही बिघडतात म्हणून टोटल खाली येते. बंद छताचं स्टेडियम असेल तर हा मुद्दाच सोडून द्या.

हे सगळं झाल्यावर, लाइन न पाहता, कागदावर स्वतःचा आकडा लिहा. कोण, कितीनं, दोघांचे मिळून किती. मग लाइन उघडा. तुमचा पाच अन् लाइन साडेपाच असेल तर तिथे बोलण्यासारखं काही नाही, पुढची मॅच घ्या. तुमचा तीन अन् लाइन अकरा असेल तर स्वतःला हुशार समजायच्या आधी परत बातम्या पहा, शंभरातून नव्वद वेळा तुम्हालाच काहीतरी माहीत नसते. मला ऑरेंज बाउलला नव्हतं तसं. अन् लाइन कधीची आहे ते आकड्याखाली लिहून ठेवा, उघडली तेव्हाची वेगळी, किक-ऑफच्या आधीची वेगळी. उघडल्यापासून तीन-चार पॉइंट सरकली असेल तर त्यामागे काहीतरी बातमी आहे असं धरून चाला.

टाय झाली तर ओव्हरटाइममधले पॉइंट पण टोटलमध्ये धरतात, यावरून आमच्याकडे दरवर्षी भांडण होते म्हणून आधीच सांगितलं. तिसऱ्या ओव्हरटाइमपासून नुसते दोन पॉइंटवाले प्रयत्न आलटून पालटून, त्यामुळे पूर्वीसारखा आकडा फुगत नाही.

राहिली वेळ. हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळात साडेदहा तास मिळवायचे, सेंट्रल टाइम असेल तर साडेअकरा, कॅलिफोर्नियाला साडेतेरा. संध्याकाळी साडेसातची मॅच म्हणजे आपली दुसऱ्या दिवशीची सकाळ सहा, तारीख बदलते हे विसरू नका. आमच्यातला एक जण मागे आपल्याकडच्या तारखेतच परत एक दिवस मिळवून बसला, दुसऱ्या दिवशी सहाला स्वेटर, मफलर घालून, कागद घेऊन दारात हजर. मॅच होऊन चोवीस तास झाले होते. पोहे मात्र शिळे नव्हते, ते खाऊन गेला.